सातव्या परिच्छेदाचा जबाब

कोर्टाचा माणूस समन्स घेऊन आला तेव्हा मी लेकीला, गौरवीला, पेज भरवत होते. ती कुलेर, म्हणजे चमचा, तोंडात घ्यायची आणि सोडायचीच नाही.

"प्रतिवादी क्रमांक दोन कोण?" त्याने बाहेरूनच विचारलं.

मी म्हटलं, इथे तसं कोणी राहत नाही. तो हसला, कागद उलटून त्याने नाव वाचलं. सिद्धी प्रज्योत, वगैरे. ते माझंच होतं. पेजेचा हात गाऊनला पुसून मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कोणी दावा लावला होता, आणि मी काय केलं होतं तेच मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी ह्यांनी समजावलं. गोव्यात लग्न झालं की नवऱ्याचं अर्धं बायकोचं होतं, बायकोचं अर्धं नवऱ्याचं. त्यामुळे जमिनीचा दावा लावायचा तर दोघांवर लावावा लागतो, आणि लावणाराही जोडीनेच लावतो. वादी क्रमांक एक म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, शिवदास भावोजी. वादी क्रमांक दोन त्यांची बायको कमलाक्षी, माझी वयनी. भांडण दोन भावांचं, पण कागदावर आम्ही चौघं, दोघं दोघं समोरासमोर, फुगडीला उभे राहिल्यासारखे.

भांडण वाटेचं. मुळगावात रस्त्याला लागून आमचं घर. सासऱ्यांनी आपल्या हयातीतच त्याचे दोन भाग केले. पुढचा आमचा, मागचा थोरल्यांचा, मध्ये एक भिंत. आमचं स्वयंपाकघर आणि त्यांचं स्वयंपाकघर त्या भिंतीला पाठीला पाठ लावून. मागच्यांना रस्त्यावर यायला आमच्या बाजूने एक चिंचोळी वाट, स्कूटरचं हँडल तिरकं केलं तर जाईल एवढी. मे महिन्यात ह्यांनी तिथे घराला लागून न्हाणीघर बांधायचं काढलं. जांभ्याचे चिरे आणून टाकले. भावोजी म्हणाले, ही आमची वाट. हे म्हणाले, वाट नव्हे, आमचं परसू. तुमची वाट शेताच्या बांधावरून आहे. भांडताना दोघांचेही आवाज सासऱ्यांसारखे झाले होते. तिसऱ्या दिवशी ह्यांनी वाटेच्या तोंडाला लोखंडी गेट बसवून कुलूप लावलं.

तेव्हापासून वयनी बांधावरून येते. चिखल असला की चपला हातात घेऊन.

सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजतो. पूर्वी दोन्ही घरांचे उंडे, ते गोल पाव, मी घ्यायची आणि वाटेने जाऊन वयनीच्या दाराला पिशवी अडकवायची. आता तिला वळसा घालून यायला वेळ लागतो. तोवर पोदेर पुढे निघून जाऊ नये म्हणून मी त्याच्याशी काहीतरी बोलत उभी राहते.

"काल उंडे कडक होते हां."

"बाय, उंडो कडकूच आसता."

"नाही, पण काल जास्त होते."

तो डोळे बारीक करून माझ्याकडे बघतो. मग बांधावरून वयनी दिसते. ती येते, पाव घेते, जाते. माझ्याकडे बघत नाही. पण पोदेराला मी रोज का अडवून धरते ते तिला कळत नसेल, असं मला वाटत नाही.

वकील कृष्णनाथबाबांचं ऑफिस डिचोलीला, बसस्टँडच्या समोर पहिल्या मजल्यावर. हे म्हणाले होते, "तू कशाला येतेस? मी करतो तुझंपण. बाबा करायचे माईचं. माईनं कधी कागद बघितलासुद्धा नाही." पण वकिलांचाच फोन आला, दोघंही या. गौरवीला घेऊन गेलो. तिला ठेवायला आता वयनीचं घर नव्हतं.

कृष्णनाथबाब सत्तरीला आलेले, आवाज मऊ. त्यांनी आधी गौरवीला एक जुना रबरी शिक्का खेळायला दिला.

"पूर्वी बरं होतं," ते म्हणाले. "जबाब द्यायला वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, कोणी विचारत नसे. मी तारीख मागायचो, समोरचा वकील मान हलवायचा. मध्ये गणपतीची चवथ यायची. भाऊ गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला एका घरात जमले की दावा तिथेच सुकायचा. दोन हजार दोन साली नियम बदलला. आता तीस दिवस. फार तर नव्वद, तेही कारण दाखवून. राग गरम असतानाच जबाब लिहावा लागतो."

"बरंच झालं की," हे म्हणाले. "निकाल लवकर."

"निकाल नाही रे बाबा. जबाब तेवढा लवकर."

मग ते माझ्याकडे वळले. "आणि बाय, तुला का बोलावलं, तेही त्याच बदलातलं. पूर्वी आम्ही लिहायचो, अशिलाने खाली सही मारायची. आता सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. मी हे वाचलंय, मला समजलंय, खरं आहे, असं शपथेवर सांगायचं. म्हणून मी आता प्रत्येक प्रतिवादीला बसवून वाचून दाखवतो. नवऱ्याला सांगून भागत नाही."

दावा इंग्रजीत होता. ते एकेक परिच्छेद वाचत, मग आमच्या भाषेत सांगत, मग त्याला आपण काय म्हणायचं ते सांगत. प्रत्येक परिच्छेदाला वेगळा जबाब द्यायचा. सगळं खोटं आहे, असं एकदम म्हणून चालत नाही. "आणि एखादा सुटला," ते बोट वर करून म्हणाले, "तर कोर्ट धरतं की तो तुम्हाला कबूल आहे. न बोलणं म्हणजे हो म्हणणं."

हे मान डोलावत होते. परिच्छेद चार, नाकबूल. पाच, नाकबूल. सहा, जागा प्रतिवादींची आहे एवढं कबूल, बाकी नाकबूल. मला त्यातली एक लय लागली होती. गौरवी माझ्या हातावर शिक्का मारत होती.

सातव्याशी कृष्णनाथबाब थांबले. चष्मा काढून पुसला. मग वाचलं, आणि मराठीत सांगितलं ते असं:

"प्रतिवादींची मुलगी तान्ही असताना प्रतिवादी क्रमांक दोन आजारी होती. त्यामुळे वादी क्रमांक दोन हिने सदर मुलीला महिनाभर स्वतःचे दूध पाजले. त्याकरिता तिने सदर वाटेचा दिवसा व रात्री, उघडपणे व विनाअडथळा वापर केला."

खाली बसच्या कंडक्टरने म्हापसा म्हापसा अशी हाळी दिली.

"नाकबूल," हे म्हणाले. वकिलांकडे नाही, भिंतीवरच्या फायलींकडे बघून.

"तसंच लिहिलंय," कृष्णनाथबाब म्हणाले. "सातव्या परिच्छेदातला सर्व मजकूर खोटा आणि रचलेला आहे."

"कशातलं खोटं?" मी विचारलं.

"तसं लिहायची पद्धत असते, बाय. रात्रंदिवस वाट वापरली हे कबूल केलं तर त्यांचं अर्धं काम झालं."

"दूध पाजलं, ते खोटं?"

कृष्णनाथबाब पुन्हा चष्मा पुसू लागले.

गौरवी झाली आणि आठवड्याच्या आत माझ्या दोन्ही छातींत गाठी पिकल्या. तापाने मी बरळत होते. म्हापशाला नेऊन चिरा द्यावा लागला. पावडरचं दूध गौरवीच्या पोटात टिकेना. पाजलं की ओकायची. रडून रडून तिचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा झाला होता. वयनीचा गौरेश तेव्हा काही महिन्यांचा. थोरली मुलगी दहावीला आल्यावर झालेला, वयनीला स्वतःलाच थोडी लाज वाटायची त्याची. तिने काही विचारलं नाही. आली, खाटेवर बसली, गौरवीला उचललं. मी तोंड भिंतीकडे केलं होतं. मला ऐकू येत होतं, माझ्या मुलीचा घुटक्या घेण्याचा आवाज. त्या आवाजाने माझी जखम ठणकायची आणि मला इतकं बरं वाटायचं की रडू यायचं. गौरवी जागी झाली की हे स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोनदा थाप मारायचे. पलीकडून आवाज यायचा, "आयलें." आणि वाटेवर तिच्या चपला वाजायच्या.

"मी ही शपथ नाही घेणार," मी म्हटलं.

"कोर्टातली शपथ आहे ती," हे म्हणाले. "देवीपुढली नव्हे."

"दूध तेच ना पण."

कृष्णनाथबाबांनी फाईल मिटली. मुदतीत अजून थोडे दिवस आहेत म्हणाले, सोमवारी या. आणि जिन्यापर्यंत सोडायला येऊन हलकेच सांगितलं, "प्रत्येक प्रतिवादीला आपला वेगळा जबाब देता येतो. अर्धं घर हिचं आहे."

"एका घरातून दोन जबाब? लोक हसतील."

"लोक कधीचे हसतायत, प्रज्योत. एका घरातून दावा आलाय."

येताना स्कूटरवर गौरवी पुढे उभी राहून दिसेल त्या प्रत्येक गाईला टाटा करत होती. मुळगावच्या वळणावर ह्यांनी स्कूटर बाजूला घेतली, पण उतरले नाहीत. पाठमोरेच बोलले.

"ते न्हाणीघर मी माझ्यासाठी बांधत होतो काय?"

"मी कुठं म्हटलं तसं?"

"चिरा दिलेल्या अंगानं तू पावसात बाहेरच्या न्हाणीत जायचीस. थंडीनं दात वाजायचे तुझे. तेव्हाच ठरवलेलं मी. दुसरं होईल तेव्हा बाहेर जायचं नाही हिनं. त्या बाजूशिवाय पाईप कुठून न्यायचा सांग."

मला हे माहीत नव्हतं. त्यांच्या पाठीवर डोकं टेकावं असं वाटलं. पण तेवढ्याने सातवा परिच्छेद खोटा होत नव्हता. मी डोकं टेकलं आणि तेही सांगितलं. त्यांनी स्कूटर चालू केली.

दोन दिवस आम्ही फक्त गौरवीमार्फत बोललो. पप्पांना सांग, चहा ठेवलाय. मम्मीला सांग, मी कामाला चाललो. ती बिचारी तीन वर्षांची, निम्मे निरोप उलटे पोचवायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती दिसेना म्हणून मी परसात गेले. ती गेटाजवळ चिऱ्यांवर बसली होती. पलीकडे गौरेश. दोघांनी गेटाच्या सळ्यांतून बिंबलाचं एक फळ अर्धं अर्धं चालवलं होतं, हा चावून तिला देई, ती चावून त्याला, आणि आंबटाने दोघांचे डोळे मिटत होते. मी बघत राहिले. तेवढ्यात गौरेशला शोधत वयनी आली.

आम्ही दोघी गेटाच्या दोन बाजूंना. निघून जावं असं दोघींनाही वाटत होतं, पण मुलं जागची हलेनात.

"वयनी," मी म्हटलं. "सातवा परिच्छेद तू घालायला लावलास?"

"कसलो सातवो?"

मी सांगितलं. शब्दन् शब्द पाठ झाला होता मला. ऐकता ऐकता तिचा हात आपोआप पदराकडे गेला.

"तें कोर्टांत बरयलां?"

"हो, लिहिलंय."

"माका खंय वाचून दाखयलां? हांगा सही कर म्हणलें, केली." ती गेटाजवळ सरकली. "दूध म्हणून? तशेंच बरयलां? दादल्यांनी?"

"पुरुषांनीच. दिवसा व रात्री. उघडपणे व विनाअडथळा."

"विनाअडथळा खंय गे?" ती एकदम म्हणाली. "हो गौरेश घर डोकेर घेतालो. आपली वाटणी दुसरी खाता म्हणून. एका बाजूक ही आनी दुसऱ्या बाजूक ताचे केस ओढप."

मला हसू आलं. तिलाही आलं. मे महिन्यापासून पहिल्यांदा. हसताना ती गेटाला धरून वाकली, आणि गेट करकरलं, तशी आम्ही दोघी गप्प झालो.

"तू न्हय म्हण गे," मग ती म्हणाली. "माका राग येवचो ना. कोर्टाचें तशेंच आसता. तुझो घोव तुझेर रागार जावंक नाका."

"ह्यांचं सोड. मी नाही म्हटलं तर तुला कसं वाटेल पण?"

तिने गौरेशला काखोटीला मारलं. चार पावलं जाऊन मागे वळली.

"आनी महिनो न्हय तो. चवथ जाली, दिवाळेचे फोव खाल्ले, तरी तुझी चली म्हज्याच मांडयेर आशिल्ली. बरोवपाचें तर सारकें तरी बरोवंक जाय."

त्या संध्याकाळी मी ह्यांना स्वतःच सांगितलं, गौरवीला मध्ये न घेता. माझा जबाब वेगळा जाईल. तुमच्या बाकीच्या परिच्छेदांना मी हात लावत नाही, वाटेचं मला कळत नाही, पण सातव्याचं मला कळतं. हे पाव चहात बुडवत होते. बुडवलेला तुकडा कपात पडला तरी तसेच बसले.

सोमवारी परत डिचोली. हे येतील की नाही मला ठाऊक नव्हतं, मी बसचे सुटे पैसेही पर्समध्ये ठेवले होते. पण वेळेला स्कूटर दारात उभी होती.

"हं बाय," कृष्णनाथबाबांनी पेन उघडलं. "सात."

"खरा आहे," मी म्हटलं. "फक्त दोन गोष्टी नाकबूल. महिनाभर नाही. चवथीच्या आधीपासून दिवाळी होऊन जाईपर्यंत."

ते लिहायचे थांबले. "तू नाकबूल करतेस ते त्यांच्या फायद्याचं आहे."

"वयनी म्हणाली, लिहायचं तर नीट लिहा."

"बरं. दुसरी?"

"विनाअडथळा नाही. तिचा स्वतःचा मुलगा रडायचा. तरी ती आधी आमचीला घ्यायची."

कृष्णनाथबाब मोठ्याने हसले. चष्मा नाकावरून घसरला. "अगे, विनाअडथळा नाकबूल, ही पहिलीच ओळ तुमच्या बाजूची निघाली. पण अडथळा कोणाचा, ते मी असं लिहून कोर्टात दिलं तर जज्ज काय म्हणतील?" तरी त्यांनी लिहिलं. त्यांची इंग्रजी वाक्यं त्यांनी मला परत मराठीत करून सांगितली. 'तरी ती आधी आमचीला घ्यायची' हे त्यात आलंय की नाही ते मी दोनदा विचारून घेतलं. आलं होतं.

मग ते ह्यांच्याकडे वळले. हे केव्हाच उठून गौरवीला घेऊन जनेलाशी, खिडकीत, उभे होते, तिला खालच्या बसगाड्या दाखवत.

"प्रज्योत, तुझा सात?"

"तो सोडून द्या."

"सोडला तर कबूल धरतात. मी सांगितलंय तुला."

"ठाऊक आहे."

"मग कबूल असं लिहूया की सरळ. दोघांचा एकच कागद होईल."

"लिहू नका काय," हे म्हणाले. "सोडून द्या. सहानंतर आठ घ्या."

गौरवीने विचारलं, ती पिवळी बस कुठे जाते. हे म्हणाले, मये. ती म्हणाली, आणि ती? ह्यांनी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. कृष्णनाथबाबांनी पानावरची छापील ओळ पेनाने खोडली आणि बाजूला आपली सही केली. ह्यांच्या जबाबात सहा झाल्यावर कोरी जागा, मग आठ. इतकी वर्षं वकिली केली, ते पुटपुटले, पण हे असं मुद्दाम सोडलेलं पहिल्यांदाच बघतो.

मी नोटरीपुढे शपथ घेतली आणि सही केली.

जबाब कोर्टात गेला. त्याची प्रत समोरच्या वकिलाकडे गेली. तिथून ती मागच्या घरात कधी पोचली, कोणी वाचून दाखवली, मला माहीत नाही. दावा अजून आहे. पुढची तारीख चवथीनंतरची पडली. कृष्णनाथबाब म्हणाले, तोवर दोघा भावांना मध्यस्थीला बसवता आलं तर बघू. न्हाणीघराचे चिरे तसेच पडून आहेत. पाईप पुढच्या अंगाने नेता येईल का म्हणून हे परवा दोरी घेऊन मापं काढत होते. मी विचारलं नाही.

काल सकाळी भोंपू वाजला तेव्हा मी गौरवीची वेणी घालत होते. माझ्या आधी हेच पिशवी घेऊन बाहेर गेले. पोदेराला म्हणाले, दोन्ही घरचे दे. पोदेर म्हणाला, "आज कडक ना हां, बायेक सांग." मी केस तसेच हातात धरून ऐकत होते.

मग हे पिशवी घेऊन आत आले. स्वयंपाकघरात भिंतीसमोर उभे राहिले. मला वाटलं पाणी पितील. त्यांनी पिशवी मेजावर ठेवली, खिशातून गेटाची किल्ली काढून तिच्या बाजूला ठेवली, आणि भिंतीवर दोनदा थाप मारली.

पलीकडे भांडं वाजायचं थांबलं. गौरवी अर्ध्या वेणीने माझ्या हातातून निसटून भिंतीपाशी गेली आणि तिनेही आपल्या पंजाने थाप मारली.

"आयलें," पलीकडून वयनी म्हणाली.

हे किल्ली घेऊन बाहेर धावले.